आधीच्या अँटिबॉडी असताना दुसरा डेंग्यू जास्त का बळावतो?

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. तुम्ही मुरारला राहता. मोठी मुलगी १२ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी तिला डेंग्यू झाला होता, तेव्हा ताप आणि अंगदुखी होऊन ती घरच्या घरी बरी झाली. यंदा दिवाळीच्या आधी पुन्हा ताप आला. चौथ्या दिवशी ताप उतरला, तुम्हाला हायसं वाटलं, आणि त्याच संध्याकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले. आयसीयूत ठेवावं लागलं. रिपोर्टमध्ये आयजीजी (संसर्ग होऊन गेल्यावर रक्तात टिकून राहणाऱ्या अँटिबॉडी) भरपूर. डॉक्टर म्हणाले, "आधीच्या अँटिबॉडीमुळेच वाढलं." तुम्ही विचारताय की अँटिबॉडी तर आपल्या बाजूच्या, मग त्यांनीच घात कसा केला? ८ वर्षांच्या धाकट्याची अँटिबॉडी तपासून ठेवावी का? आणि हेच खरं असेल, तर कोविडची लस घेऊन आपण चूक तर नाही ना केली?

मुलगी सुखरूप घरी आली हे वाचून फार बरं वाटलं. मी इथेच, ग्वाल्हेरमध्ये, फिजिशियन आहे. आपल्याकडे सप्टेंबर ते नोव्हेंबर ओपीडी तापाच्या रुग्णांनीच भरलेली असते. उन्हाळ्यापासून पाण्यासकट तसेच राहिलेले कूलर, तिघरा धरणाचं पाणी एक दिवसाआड यायला लागलं की घरोघरी भरून ठेवलेल्या टाक्या, यांत एडीस डास पोसला जातो आणि पाऊस सरता सरता लष्कर, हजिरा, मुरार या सगळ्या भागांत ताप पसरतो. "साहेब, एकदा होऊन गेला ना, मग पुन्हा कसा?" हे मला दर मोसमात ऐकायला मिळतं. ओपीडीच्या घाईत त्याला दोन वाक्यांचं उत्तर दिलं जातं. तुमच्या वाट्याला तसंच अर्धं उत्तर आलं आणि त्यातून अँटिबॉडीचीच धास्ती बसली. उरलेलं अर्धं मी सांगतो.

एक गोष्ट आधीच कबूल करायला हवी. तुमच्या मुलीच्या बाबतीत नेमकं हेच घडलं, असं सगळे कागद पुढ्यात ठेवूनही कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. डेंग्यू किती बळावतो हे विषाणूचा प्रकार कोणता, दोन संसर्गांत अंतर किती, रुग्णाचं वय, स्थूलपणा, आधीचे आजार, योग्य वेळी योग्य तेवढं सलाईन मिळालं का, अशा बऱ्याच गोष्टींवर ठरतं. दुसऱ्यांदा डेंग्यू होणाऱ्यांपैकी बहुसंख्य माणसं काहीही गुंतागुंत न होता बरी होतात. जुन्या अँटिबॉडी धोका वाढवतात हे खरं, पण त्या एकट्या निकाल लावत नाहीत.

आता मुळाशी जाऊ. अँटिबॉडीचा आकार साधारण वाय अक्षरासारखा असतो. वरचे दोन हात विषाणूला धरतात. खालचा दांडा, ज्याला आम्ही एफसी म्हणतो, तो आपल्याच पेशींसाठी असतो. मोनोसाइट आणि मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी), नैसर्गिक मारक पेशी यांच्या पृष्ठभागावर हा दांडा ओळखणारे रिसेप्टर, म्हणजे पकडबिंदू, असतात. म्हणजे अँटिबॉडीची कामं दोन: विषाणूला पकडायचं, आणि पकडल्यावर पेशीला 'आता काय कर' ते सांगायचं. शाळेच्या पुस्तकात पहिलं काम शिकवतात. आजार सौम्य राहणार की भडकणार, यात दुसऱ्या कामाचा वाटा फार मोठा असतो, आणि लॅबच्या रिपोर्टवर आयजीजीचा जो आकडा येतो त्यात या दुसऱ्या कामाची काहीच नोंद नसते.

पहिलं काम अर्धवट झालं तर काय होतं ते पाहा. डेंग्यूच्या एका कणावर ई नावाच्या प्रथिनाच्या १८० प्रती असतात. त्यातल्या पुरेशा जागा अँटिबॉडीने व्यापल्या तर तो कण निकामी होतो. डेंग्यूच्याच कुळातल्या वेस्ट नाईल विषाणूवर झालेल्या प्रयोगांत हा उंबरठा एका कणावर सुमारे ३० अँटिबॉडी इतका निघाला. त्याहून कमी बसल्या तर विषाणू जिवंतच राहतो, वर त्याच्या अंगावर अँटिबॉडीचे दांडे बाहेर आलेले असतात. मोनोसाइट तो दांडा ओळखते आणि कणाला आत घेते. ओळखीच्या माणसाबरोबर आलेल्या अनोळखी पाहुण्याला आपण दार उघडतो, तसंच. एरवी आत गेलेला माल पेशी पचवून टाकते. इथे मात्र विषाणू त्या पेशीतच वाढायला लागतो. ज्या पेशीने त्याला संपवायचं, तीच त्याचं घर होते.

डेंग्यूत हे वारंवार घडण्याचं कारण त्याचे चार प्रकार. पहिल्या संसर्गानंतर त्या प्रकाराविरुद्ध पक्कं, दीर्घकाळाचं संरक्षण मिळतं. बाकीच्या तीन प्रकारांपासून काही महिने बचाव होतो, मग तो ओसरतो. त्यानंतर ज्या अँटिबॉडी उरतात त्या दुसऱ्या प्रकाराला धरतात, पण घट्ट नाही. आपल्या भागातही हे प्रकार बदलत आले आहेत. उत्तर भारतात आधी टाइप २ चा जोर होता, आणि २००३ ते २००५ च्या साथींत दिल्ली-ग्वाल्हेर पट्ट्यात टाइप ३ ने डोकं वर काढलं. ते ओळखणाऱ्यांत आपल्याच शहरातली डीआरडीई ही संरक्षण संशोधन संस्था होती. तुमच्या मुलीला तीन वर्षांपूर्वी एक प्रकार आणि यंदा दुसरा झाला असणार, कारण त्याच प्रकाराचा डेंग्यू पुन्हा होणं फार विरळा.

ही नुसती प्रयोगशाळेतली कल्पना आहे का, असं कोणी विचारलं तर मी क्युबाचं उदाहरण देतो. तिथे १९७७ मध्ये टाइप १ ची साथ आली, सौम्य. १९८१ मध्ये टाइप २ आला. ३,४४,००० हून अधिक रुग्ण आणि १५८ मृत्यू, त्यातली १०१ लहान मुलं. पण जी मुलं १९७७ ची साथ सरल्यावर जन्मली होती, म्हणजे ज्यांच्यात टाइप १ च्या अँटिबॉडी नव्हत्या, त्यांच्यात गंभीर आजार जवळजवळ दिसलाच नाही. पुढे १९९७ मध्ये सँतियागो द क्युबा शहरात पुन्हा टाइप २ आला, तेव्हा गंभीर रुग्ण जवळपास सगळे प्रौढ होते. २० वर्षांपूर्वी टाइप १ होऊन गेलेलेच ते लोक. त्याआधी, १९६० च्या दशकात बँकॉकमध्ये स्कॉट हॉल्स्टेड या अमेरिकन डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की गंभीर डेंग्यू दोन गटांत एकवटतो: दुसऱ्यांदा संसर्ग झालेली मोठी मुलं, आणि पहिल्यांदाच संसर्ग झालेली सहा ते नऊ महिन्यांची तान्ही बाळं. बाळांना तर आधी डेंग्यू झालेलाच नव्हता! पण त्यांच्या रक्तात आईकडून वारेतून आलेल्या अँटिबॉडी होत्या. जन्मानंतर पहिले काही महिने त्या भरपूर असतात तोवर बाळ सुरक्षित, आणि सहा-नऊ महिन्यांत त्या अर्धवट पातळीला उतरल्या की धोका. ज्याला डेंग्यूच्या अँटिबॉडीबद्दल शंका आहे त्याने या बाळांचा विचार करावा. इतका स्वच्छ पुरावा निसर्ग क्वचितच देतो.

ही 'अर्धवट पातळी' नेमकी कोणती, हे निकाराग्वात मोजलं गेलं. मनाग्वा शहरातल्या हजारो मुलांच्या रक्ताचे नमुने बारा वर्षं दरवर्षी घेतले, आणि २०१७ मध्ये निष्कर्ष आले. अँटिबॉडीची पातळी (रक्त किती पट पातळ केलं तरी त्या दिसतात, यावरून मोजलेली) १:२१ ते १:८० या मधल्या पट्ट्यात असलेल्या मुलांना गंभीर डेंग्यूचा धोका अँटिबॉडी नसलेल्या मुलांपेक्षा सातपटीहून जास्त होता. त्याहून वरच्या पातळीला संरक्षण दिसलं. तेव्हा अँटिबॉडी वाईट असा अर्थ त्यातून निघत नाही. भरपूर असल्या तर त्या वाचवतातच.

इथवर विषाणू जास्त का वाढतो ते सांगितलं. पण माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नाचा गाभा पुढे आहे. तुम्ही स्वतःच लिहिलंय की ताप उतरला आणि त्यानंतर मुलगी कोसळली. प्रत्येक डेंग्यूच्या रुग्णात मी हाच दिवस जपतो. ताप उतरतो तेव्हा रक्तातला विषाणू झपाट्याने ओसरत असतो. नुकसान फक्त विषाणूच करत असता, तर रुग्णाला तेव्हा बरं वाटायला हवं होतं. तो त्याच वेळी ढासळतो, याचा अर्थ त्या टप्प्यावर नुकसान मुख्यतः आपल्या पेशींच्या प्रतिसादातून होतं.

अँटिबॉडीच्या वाटेने संसर्ग झालेली पेशी आतून बदलते. विषाणूचा गजर देणारं इंटरफेरॉन दबतं, आयएल-१० सारखे संदेश वाढतात आणि विषाणूला मोकळं रान मिळतं. मग अशा असंख्य पेशी ओळखल्या जाऊ लागल्या की टीएनएफ, आयएल-६ यांसारख्या सायटोकाइनचा, म्हणजे दाह वाढवणाऱ्या संदेशरेणूंचा, लोट येतो. टी पेशींचाही यात हात असतो. जोडीला विषाणूचं एनएस१ हे प्रथिन, ज्याची आपण पहिल्या दिवसांत तपासणी करतो, ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सैल करतं. या सगळ्याचा परिणाम म्हणजे रक्तातला द्रवभाग वाहिन्यांतून पोटात, छातीत झिरपतो. पोटदुखी, गार हातपाय, घट्ट झालेलं रक्त, वाढलेलं हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण), हे सगळं त्या झिरपण्याचं चित्र आहे. चांगली गोष्ट ही की झिरपणं साधारण २४ ते ४८ तासच चालतं. तेवढा वेळ सलाईन मोजून-मापून देऊन रुग्णाला सांभाळलं, तर वाहिन्या आपणहून सावरतात. तुमच्या मुलीला वाचवलं ते या सांभाळण्याने.

यात एक बारकावा असा आहे, जो गेल्या काही वर्षांत उलगडला आणि ज्याने माझी स्वतःची समज बदलली. अँटिबॉडीच्या दांड्यावर साखरेची एक छोटी साखळी असते. तिच्यात फ्यूकोज नावाची साखर असते. निरोगी माणसाच्या आयजीजीत ती बहुतेक रेणूंवर आढळते. ती नसली की तोच दांडा मॅक्रोफेज आणि मारक पेशींवरच्या सीडी१६ या रिसेप्टरला कितीतरी पटींनी घट्ट चिकटतो आणि पेशीला जास्त जोराने भडकवतो. २०१७ मध्ये असं दिसलं की गंभीर डेंग्यूच्या रुग्णांत अशा बिनफ्यूकोजच्या अँटिबॉडीचं प्रमाण जास्त होतं, आणि प्लेटलेट घसरण्याशीही त्यांचा संबंध होता. म्हणजे दोन मुलांच्या रिपोर्टवर आयजीजी अगदी सारखी असेल, पण साखरेच्या एका घटकाच्या फरकाने एकाची पेशी शांतपणे विषाणू गिळेल आणि दुसऱ्याची पेटून उठेल. हा फरक कोणतीही नेहमीची लॅब मोजत नाही.

उलट दिशेनेही हे घडतं. कावासाकी आजारात, किंवा कोविडनंतर काही मुलांना झालेल्या एमआयएस-सी या सर्वांगदाहात, आम्ही हजारो निरोगी दात्यांच्या गोळा केलेल्या अँटिबॉडी शिरेतून देतो आणि दाह उतरतो. पेशींवर भडकवणारे एफसी रिसेप्टर असतात तसे शांत करणारेही असतात, आणि या औषधाच्या कामाचा एक मार्ग तिथून जातो. अँटिबॉडी या एकाच रेणूने आग वाढतेही आणि विझतेही.

आता कोविड. सप्टेंबर २०२० किंवा एप्रिल २०२१ चे दिवस आठवा. रुग्णाला आठ-दहा दिवस होत आले, अँटिबॉडी तयार होऊ लागल्या, आणि नेमकं तेव्हाच ऑक्सिजन घसरायचा. त्यामागचं एक कारण पुढे सापडलं. अतिगंभीर रुग्णांच्या सुरुवातीच्या स्पाइकविरोधी (विषाणूवरच्या काट्यासारख्या प्रथिनाविरुद्धच्या) अँटिबॉडीत फ्यूकोज कमी होतं, आणि त्यांनी फुप्फुसातल्या मॅक्रोफेजना तीव्र दाहाकडे ढकललं. २०२२ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. कोविड रुग्णांच्या रक्तातल्या सुमारे ६ टक्के मोनोसाइटमध्ये विषाणू शिरलेला होता, आणि तो अँटिबॉडीच्या दांड्याच्या वाटेनेच शिरला होता. डेंग्यूपेक्षा फरक असा की तो तिथे नीट वाढू शकला नाही. पण त्या पेशी आतल्या गजराने फुगून फुटल्या आणि दाह पसरवणारे संदेश बाहेर सांडले.

लसीचं काय? त्याच अभ्यासात एमआरएनए लस घेतलेल्यांच्या प्लाझ्माने मोनोसाइटमध्ये असा संसर्ग घडवला नाही. आणि जगभर कोट्यवधी लोकांनी वेगवेगळ्या लसी घेतल्यावर जे दिसलं ते स्पष्ट आहे: लस घेतलेल्यांना गंभीर कोविड कमी झाला. डेंग्यूसारखं अँटिबॉडीने आजार वाढवणं कोविडच्या लसींत दिसलं नाही. त्यामुळे तो सल मनातून काढून टाका. तुम्ही योग्यच केलंत.

नातेवाईक मला इथे हमखास विचारतात: दाह आहे तर डेंग्यूत स्टिरॉइड का देत नाही? रास्त शंका आहे. ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांत डेक्सामेथासोनने जीव वाचतात हे २०२० मध्ये सिद्ध झालं. डेंग्यूत स्टिरॉइडच्या चाचण्या झाल्या आहेत आणि फायदा दिसलेला नाही. झिरपणं इतकं थोडक्या वेळाचं असतं की नीट दिलेलं सलाईन हाच उपचार. प्लेटलेटचंही तेच. रक्तस्राव नसेल तर नुसता आकडा पाहून प्लेटलेट चढवण्यात सहसा लाभ नाही. घरच्यांचं लक्ष त्या आकड्यावर खिळतं हे मी समजू शकतो, पण मी लघवी किती झाली, नाडी कशी आहे आणि हिमॅटोक्रिट चढतंय का, हे आधी बघतो.

आता धाकट्याचं. नुसती उत्सुकता म्हणून त्याची आयजीजी तपासू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पॉझिटिव्ह आली तर कधीतरी डेंग्यू होऊन गेला एवढंच कळेल. आपल्या शहरात तो नकळतही होऊन गेलेला असू शकतो. कोणता प्रकार, अँटिबॉडी कोणत्या पातळीवर, त्यांच्या दांड्यावर फ्यूकोज आहे का, यातलं काही त्या रिपोर्टवर नसतं. निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त व्हावं असंही नाही. पहिला डेंग्यूही बळावू शकतो. दोन्ही बाबतीत तुम्ही करायचं तेच राहतं, फक्त काळजी वाढते. मुलीच्या बाबतीत सांगायचं तर दोन वेगळे प्रकार होऊन गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या वेळी गंभीर डेंग्यू खूप कमी दिसतो. तिला आयुष्यभर धास्तावून ठेवण्याचं कारण नाही.

धाकट्याला मोसमात ताप आला तर डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा की घरात नुकताच डेंग्यू होऊन गेलाय आणि तापाचा हा कितवा दिवस आहे. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ तपासता येतं. दुसऱ्या संसर्गात ते लवकर नाहीसंही होतं, म्हणून चौथ्या-पाचव्या दिवसानंतर आयजीएमही (ताज्या संसर्गात आधी तयार होणारी अँटिबॉडी) बघावी. तापाला पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन नको. पाणी, ताक, ओआरएस पाजत राहा. ताप उतरल्यावर दोन दिवस त्याला शाळेत पाठवू नका आणि लक्ष ठेवा: पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्या किंवा नाकातून रक्त, मरगळ किंवा चिडचिड, हातपाय गार, सहा-सहा तास लघवी न होणं. यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असली तरी सकाळची वाट न बघता निघा.

लसीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल म्हणून लिहितो, कारण हा सगळा विषय तिथे फार महागात पडला आहे. फिलिपिन्समध्ये एप्रिल २०१६ पासून ८ लाखांहून अधिक शाळकरी मुलांना डेंग्यूची पहिली लस दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर झालं की आधी कधीच डेंग्यू न झालेल्या मुलांत ती लस पहिल्या संसर्गासारखी वागते आणि पुढचा खरा संसर्ग त्यांना जास्त जड जाऊ शकतो. मोहीम थांबवावी लागली. आधी डेंग्यू झालेल्यांना तिचा फायदाच होत होता. आधी तपासून मग द्यायची, एवढी खबरदारी राहिली होती. आपल्याकडे आयसीएमआर आणि पॅनेशिया बायोटेक यांच्या 'डेंगीऑल' या एका डोसच्या लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकहून सुरू झाली, दहा हजारांहून अधिक प्रौढांवर. ती, किंवा दुसरी एखादी लस, तुमच्या मुलांसाठी उपलब्ध झाली की तुमच्या डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: आधी डेंग्यू न झालेल्या मुलांमध्ये तिचे किती वर्षांचे निष्कर्ष हाती आहेत, आणि चारही प्रकारांविरुद्धचे आकडे वेगवेगळे दिले आहेत का. दोन्हींची उत्तरं समाधानकारक असतील, तर धाकट्याला ती द्यायला मी स्वतः सांगेन.